आवाज थांबले, पण पान पुढं सरकत नाही

प्रश्न : माझं वय 29. चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. आवाज ऐकू येणं, संशय येणं हे सगळं थांबून आता दीड वर्ष झालं. गोळ्या नियमित घेते. रात्री साडेअकराला एक मोठी गोळी आणि हात थरथरायचे म्हणून दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल सकाळ-संध्याकाळ. तीन महिन्यांनी पुन्हा कामावर रुजू व्हायचंय, हिशेब तपासायचं टेबलावरचं काम आहे. पण एकच पान तीनदा वाचलं तरी डोक्यात शिरत नाही. आईनं दोन कामं सांगितली तर दुसरं हवेत विरून जातं. चारजण बोलत असले की मी नुसती मान डोलावते. मोबाइलवरचे मेंदूचे खेळ महिनाभर खेळले. खेळातले गुण वाढले, वाचन होतं तिथंच. घरचे म्हणतात, “तू मनच लावत नाहीस.” मी आळशी झालेय की माझा मेंदू कायमचा बिघडलाय? औषध बंद केलं तर डोकं मोकळं होईल का? आणि गाणी लावून वाचलेलं चालेल का?

उत्तर : औषधाचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो थांबून राहण्यासारखा नाही. औषध स्वतःहून बंद करू नका, कमीही करू नका. 2012 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 65 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. औषध चालू असलेल्यांपैकी 27 टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला. औषधाच्या जागी नुसती बिनऔषधी गोळी मिळालेल्यांमध्ये हा आकडा 64 टक्के होता. आजार उलटला की बसत आलेली लक्षाची घडी पुन्हा विस्कटते आणि ती बसवायला आधीपेक्षा जास्त दिवस लागू शकतात. पण औषध बंद करायचं नाही म्हणून औषधाबद्दल बोलायचंच नाही असं थोडंच आहे? उलट तुमच्या बाबतीत तिथंच सगळ्यात जास्त वाव दिसतो. त्याकडे येतोच.

आळशी तुम्ही नाही. भास आणि संशय घरच्यांना दिसतात. लक्ष, तात्पुरतं स्मरण आणि विचारांचा वेग यांना बसलेला फटका बाहेरून दिसत नाही, पण तोही याच आजाराचा भाग आहे. पुष्कळांमध्ये तो आजार पहिल्यांदा उसळण्याच्या आधीपासून थोडाफार असतो आणि भास गेल्यावर मागे उरतो. भासांवर चांगली चालणारी औषधं त्यावर फारशी चालत नाहीत.

कायमचं बिघडण्याची भीती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं या आजाराला ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ म्हटलं, म्हणजे तरुण वयातच बुद्धीचा ऱ्हास. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञानं 1908 मध्ये स्किझोफ्रेनिया हे नाव पुढं आणलं, त्यामागचं एक कारण हेच होतं की सगळ्यांची बुद्धी काही अशी ढासळत जात नाही. लक्षाची अडचण बहुतेकांमध्ये वर्षानुवर्षं साधारण एका पातळीवर राहते. म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशासारखी ती दरसाल खाली घसरत नाही. ती पातळी हलवताही येते : थोडी डोक्याच्या आत काम करून, बरीचशी डोक्याच्या बाहेर.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट फार उपयोगाची आहे. “लक्ष लागत नाही” एवढं लिहून तुम्ही थांबला नाहीत, तीन वेगवेगळे प्रसंग दिलेत. या तिन्ही अडचणी एक नाहीत. पान तीनदा वाचावं लागणं म्हणजे लक्ष टिकत नाही. आईचं दुसरं काम विरून जाणं म्हणजे मनातली पाटी लहान झाली आहे. पहिलं काम लिहून झालं की दुसऱ्याला जागा उरत नाही. आणि चारजणांत मान डोलावणं ही बहुधा वेगाची अडचण आहे. मानसशास्त्रज्ञ एक साधी चाचणी घेतात. कागदाच्या वरच्या भागात 1 ते 9 आकडे, प्रत्येकाखाली एक चिन्ह. खाली नुसत्या आकड्यांच्या ओळी आणि रिकामी घरं. ठरलेल्या वेळात, साधारण दीड मिनिटात, जमतील तेवढी चिन्हं भरायची. काम अवघड नाही आणि चुकाही फारशा होत नाहीत, पण भरलेली घरं कमी येतात. या आजारात सगळ्यात ठळक फरक दिसतो तो अनेकदा याच चाचणीत. गप्पांमध्येही तेच होतं. पहिलं वाक्य तुमच्यापर्यंत पोचेतो तिसरं सुरू झालेलं असतं. तुमचं लक्ष असतं, ते उशिरा पोचतं इतकंच. ही निराळी अडचण आहे आणि तिचा उपायही निराळा.

आता गोळ्या. तुम्ही दिलेल्या माहितीत दोन जागी बोट ठेवता येतं. रात्रीची मोठी गोळी साडेअकराला घेता. झोप आणणारी गोळी इतक्या उशिरा घेतली की तिची गुंगी सकाळच्या कामाच्या तासांत सांडते. ती नऊच्या सुमाराला घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. डोस तोच राहतो, फक्त वेळ सरकते, आणि सकाळचे दोन तास हाती लागू शकतात.

दुसरी जागा जास्त महत्त्वाची : थरथरीची गोळी. ट्रायहेक्सिफेनिडिल मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाला अडवते. थरथर त्यामुळंच थांबते, पण नवं काही लक्षात ठेवायला आणि लक्ष टिकवायला नेमकं तेच रसायन लागतं. तोंड कोरडं पडणं, जवळची अक्षरं धूसर दिसणं, बद्धकोष्ठ आणि विसराळूपणा ही चारही एकत्र असतील तर या गोळीवर संशय घ्यायला जागा आहे. (जवळची अक्षरं धूसर दिसत असतील तर पान तीनदा वाचावं लागण्याचं निम्मं कारण डोळ्यांतच सापडेल.) पुष्कळांना ही गोळी सुरुवातीला खरोखर लागते. पुढं थरथरीची कारणं बदलतात, मूळ औषधाचा डोस बदलतो, पण ही मात्र चिठ्ठीवरून चिठ्ठीवर पुढं ओढली जाते. ती सगळ्यांना सरसकट आणि दीर्घकाळ देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तरी एकदम थांबवू नका; थरथर, अस्वस्थता, मळमळ उसळून येते. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात आणि थरथर परत येते का ते पाहतात.

आणखी काही गोष्टी विचारून घ्या. झोपेसाठी किंवा घाबरल्यासाठी दिलेली एखादी गोळी (लोराझेपाम, क्लोनाझेपाम या जातीची) अजून चालू आहे का? बसल्या जागी पाय हलवावेसे वाटतात, चुळबुळ होते, उठून फेऱ्या माराव्याशा वाटतात का? असेल तर तो औषधाचा परिणाम असू शकतो, आणि त्यावर मनोनिग्रह करून काहीच होत नाही. वजन वाढलंय आणि घोरणं सुरू झालंय का? झोपेत श्वास अडकत असेल तर आठ तास झोपूनही डोकं जडच राहतं. थायरॉइड, बी 12, हिमोग्लोबिन, रक्तातली साखर अलीकडे तपासलेली नसेल तर तीही सांगा. आणि इतर वाचकांसाठी एक : क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू असताना सिगारेट सोडली तर रक्तातलं औषधाचं प्रमाण वाढतं आणि गुंगीही वाढते. सिगारेट सोडाच, पण डॉक्टरांना आधी सांगून.

डॉक्टरांसमोर नुसतं “लक्ष लागत नाही” म्हटलं तर “होतं असं, येईल हळूहळू” हे उत्तर मिळण्याची शक्यता दाट. म्हणून सात दिवस एक वही ठेवा. रोज पाच गोष्टी लिहायच्या : कधी झोपले, कधी उठले, गोळ्या किती वाजता, सकाळी दहा, दुपारी तीन आणि रात्री आठला गुंगी 0 ते 5 पैकी किती, त्या दिवशी सलग किती मिनिटं वाचता आलं. “सकाळी दहाला गुंगी 4, दुपारी तीनला 1, वाचन 6 मिनिटं, तोंड कोरडं” असा कागद समोर ठेवला की बोलणं मुद्द्यावर येतं. गोळीत बदल झाला तर दोन-तीन आठवड्यांनी तोच कागद पुन्हा भरा. नाहीतर सुधारलं की नाही हे त्या दिवशीच्या मूडवर ठरतं.

ओळखीतल्या कुणाची एडीएचडीची (लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराची) गोळी ‘करून बघू’ म्हणून घेऊ नका. ती मेंदूतलं डोपामाइन नावाचं रसायन वाढवते आणि भास परत आणू शकते.

वाचनाकडे वळू. आधी मोजा. तीन दिवस, एकाच वेळी, एकाच प्रकारचा मजकूर घ्या आणि घड्याळ लावा. मन भरकटलंय हे पहिल्यांदा लक्षात येईल तेव्हा समासात टिंब द्या आणि किती मिनिटं झाली ते लिहा. समजा 7, 5 आणि 9 आली. सुरुवात 5 पासून करायची, सरासरीपासून नाही. वाईट दिवशीही जमेल असाच आकडा हवा. पाच मिनिटं वाचन, तीन मिनिटं सुट्टी, अशा चार फेऱ्या. जेमतेम अर्ध्या तासात वीस मिनिटांचं खरं वाचन होतं. सुट्टीत उठा, पाणी प्या, खिडकीबाहेर बघा. मोबाइल हातात घेतला तर ती सुट्टी राहत नाही, पाटीवर नवा मजकूर लिहिला जातो. सातांपैकी पाच दिवस चारही फेऱ्या एखाद्याच टिंबावर निभावल्या, तर पुढच्या आठवड्यात एक मिनिट वाढवा. नाही जमलं तर तोच आकडा आणखी एक आठवडा.

इथं हमखास होणारी चूक सांगतो. एखादा दिवस छान जातो आणि माणूस पाचाऐवजी पंचवीस मिनिटं वाचत बसतो. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटंही होत नाहीत आणि ‘माझं काही खरं नाही’ हा निष्कर्ष काढून वही बंद होते. चांगल्या दिवशीही घड्याळ वाजलं की थांबायचं. तीन महिन्यांत दहा-बारा मिनिटांपर्यंत पोचलात तरी हिशेब तपासायला तेवढे तुकडे पुरतात.

वाचताना पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या आणि त्यात दोन ओळी दिसतील एवढी खिडकी कापा. खाली सरकवत न्या. खिडकी एका ओळीची केली तर वाक्य मध्येच तुटतं आणि परत मागं जावं लागतं. प्रत्येक परिच्छेदानंतर समासात स्वतःच्या शब्दांत पाच-सहा शब्द लिहा. नुसत्या अधोरेखनाचा उपयोग कमी, कारण डोकं दुसरीकडे असतानाही हात रेघ ओढत राहतो. मन भटकलं तर मागं पानाच्या सुरुवातीला जाऊ नका, शेवटच्या लिहिलेल्या टिपणापासून पुढं चला. “तीनदा वाचलं” याचा अर्थ बरेचदा पहिला अर्धा भाग तीनदा आणि दुसरा अर्धा एकदाही नाही असा असतो.

हिशेबाच्या तक्त्यावर पट्टी ठेवा, तपासलेल्या प्रत्येक ओळीला पेन्सिलनं खूण करा. आणि मध्येच उठावं लागलं तर उठण्याआधी चिठ्ठीवर लिहा : “पुढं : ओळ 14, बेरीज बघायची.” चार सेकंदांचं काम आहे. परत आल्यावर ‘मी कुठं होते’ हे शोधण्यात जातात ती दहा मिनिटं आणि निम्मा धीर वाचतो.

घरातल्या कामांसाठी पाटी मोठी करण्याच्या नादी लागू नका, पाटी भिंतीवर आणा. पण आधी एक ओळखा. काहींचं काम सुरूच होत नाही; काहींचं सुरू होतं आणि वाटेत भरकटतं. पहिल्या प्रकाराला ढकलणारी खूण लागते : गजर, यादी, आदल्या रात्री काढून ठेवलेले कपडे. दुसऱ्याला समोरचा पसारा कमी करावा लागतो : टेबलावर एकच फाइल, बाकी सगळं कपाटात. दुसऱ्या प्रकारच्या माणसाच्या खोलीत सतरा चिठ्ठ्या चिकटवल्या तर त्या चिठ्ठ्याच त्याला भरकटवतात. तुम्ही बहुधा दुसऱ्या प्रकारात आहात, तेव्हा एकच वही, एकच जागा. गजराच्या नावात नाम न घालता क्रियापद घाला. ‘गोळी’ असं लिहू नका, ‘ऊठ, वरच्या कप्प्यातली डबी काढ’ असं लिहा. आणि डबी हातात आल्याशिवाय गजर बंद करायचा नाही. भिंतीवरची यादी दोन-चार आठवड्यांत डोळ्यांना दिसेनाशी होते. रंग आणि जागा बदलत राहा. गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी घ्या, म्हणजे ‘घेतली का?’ हा वाद उरत नाही. शेगडीवर काही ठेवलं तर वेळ मोजणारं घड्याळ तुमच्या अंगावर असू द्या, स्वयंपाकघरात नको. गुंगी असेल त्या तासांत वाहन चालवू नका.

हा परिच्छेद आईला वाचायला द्या. आई, मुलीला एकदम दोन कामं सांगू नका. आधी नाव घेऊन हाक मारा, ती तुमच्याकडे बघेपर्यंत थांबा, टीव्ही बंद करा आणि सात-आठ शब्दांत एकच काम सांगा. मग तिच्याच तोंडून ते परत म्हणवून घ्या. तीन-चार सेकंद उत्तर आलं नाही तर तेच वाक्य मोठ्या आवाजात म्हणू नका. उत्तर वाटेत असतं आणि दुसरं वाक्य त्याला धडकतं. “लक्ष कुठंय तुझं?” हा प्रश्न बंद करा. एक तर त्याला उत्तर नाही, दुसरं म्हणजे घरात टीकेचा सूर जास्त असेल तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं, हे 1970च्या दशकापासून अनेकदा तपासलं गेलं आहे. शुभार्थीला (मानसिक आजार असलेल्या माणसाला) आठवण करून देणं वेगळं आणि टोचणं वेगळं. शुभंकरांना (त्याची काळजी घेणाऱ्यांना) त्यातला फरक बहुधा कळतो, थकव्यात तो हातातून निसटतो.

मेंदूच्या खेळांचं तुम्ही स्वतःच उत्तर दिलंत. खेळात गुण वाढले, म्हणजे तो खेळ यायला लागला. एकट्यानं खेळलेल्या खेळातलं कसब आपणहून वाचनात उतरत नाही. मात्र कॉग्निटिव्ह रिमेडिएशन नावाचा, लक्ष आणि स्मरण सुधारण्याचा उपचार वेगळा आहे, जरी त्यातही संगणकावरचे सराव असतात. आठवड्याला साधारण दोन-तीन बैठका, काही महिने, आणि शेजारी प्रशिक्षित माणूस, जो प्रत्येक सरावानंतर विचारतो : हे कसं जमवलंस? हीच युक्ती उद्या कुठं वापरशील? 2021 मध्ये ‘जामा सायकिॲट्री’ या मनोविकारांवरच्या नियतकालिकात 130 अभ्यासांचा आढावा आला. फायदा मध्यमाहून कमी पण खरा निघाला, आणि तो वाढला तो शिकवणारा सक्रिय असेल, युक्त्या पद्धतशीर शिकवल्या जात असतील आणि सोबत कामाचं वगैरे पुनर्वसन चालू असेल तेव्हा. जवळपास कुठं मिळत असेल तर ‘सरावानंतर चर्चा होते का?’ एवढं विचारा. नुसते संगणकासमोर बसवणार असतील तर घरी खिडकीचा कागद बरा.

व्यायामाचं थोडक्यात : दम लागेल पण बोलता येईल अशी चाल किंवा सायकल, तीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. या आजारात लक्ष आणि स्मरण दोन्हीवर त्याचा चांगला परिणाम दिसलेला आहे. कुणाच्या तरी सोबतीनं केलेला व्यायाम टिकतो.

रुजू होताना शक्य असेल तर पहिले काही आठवडे अर्धा दिवस मागून घ्या, आणि तो अर्धा दिवस तुमच्या वहीत गुंगी सगळ्यात कमी दिसते त्या वेळेचा असू द्या. बसायची जागा दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. आजाराबद्दल कुणाला काय सांगायचं हा तुमचा निर्णय. पण “मला सूचना लेखी द्या, म्हणजे चूक होणार नाही” हे म्हणायला निदान सांगावं लागत नाही. मीटिंगमध्ये तीन मिनिटांनी एकदा “म्हणजे आपण असं ठरवलं ना?” असं विचारून घ्या. मान डोलावण्यापेक्षा ते बरं, आणि मागं पडलेलं वाक्यही हाती येतं. नवीन काम शिकताना अंदाजानं करून बघू नका. स्मरणशक्ती डळमळीत असते तेव्हा पहिल्यांदा झालेली चूकच पक्की बसते. आधी कुणीतरी करून दाखवावं, मग पायऱ्यांचा कागद समोर ठेवून करावं, आणि आठ-दहा वेळा बिनचूक झाल्यावरच एकेक पायरी झाकावी.

इतकं सगळं सावकाश करायचं. पण समजा लक्ष चार-आठ दिवसांतच झपाट्यानं ढासळलं आणि सोबत झोप कमी झाली, लोक आपल्याबद्दल बोलताहेत असं वाटू लागलं, किंवा कुजबुज पुन्हा कानावर आली. तेव्हा खिडकीचा कागद बाजूला ठेवा आणि पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांना गाठा.

राहिली गाणी. शब्द असलेलं गाणं वाचनाच्या शब्दांशी भांडतं आणि पाटी लहान असेल तेव्हा जिंकतं ते गाणंच. नुसतं वाद्यसंगीत, हळू आवाजात, तेही ओळखीचं, चालेल. खात्री हवी असेल तर तीन दिवस संगीत लावून आणि तीन दिवस शांततेत वाचा आणि समासातली टिंबं मोजा.